स्पोर्ट्स कार म्हटली की लाल रंगच का? आणि हिरवा, चंदेरी, निळा कुठून आले?

बेसकोट (उद्यमबाग, बेळगाव)

डेंटिंग-पेंटिंगचा धंदा आहे माझा. जुनी स्विफ्ट, पोलो, नाहीतर कुणाच्या तरी परसात धूळ खात पडलेली झेन घेऊन पोरं येतात, मोबाइल पुढं करतात आणि म्हणतात, "अण्णा, हा लाल मारा. फेरारीचा."

लाल काय चीज आहे ते मारणाऱ्यालाच माहीत. शेड कार्डावर झक्क दिसतो, पत्र्यावर बसता बसत नाही. पूर्वी लाल-पिवळ्या रंगांत शिशाचे क्षार असायचे, एक-दोन हातांत खालचं सगळं झाकून जायचं. आता त्यांच्या जागी जी सेंद्रिय रंगद्रव्यं आलीत ती चमकदार खरी, पण अंगानं पातळ, आरपार दिसणारी. खाली कुठं लांबी (खड्डे बुजवायची पुटी) भरलेली, कुठं राखाडी प्रायमर, कुठं जुना पांढरा रंग राहिला तर बूथमध्ये, म्हणजे रंग मारायच्या बंद खोलीत, ट्यूबलाइटखाली सगळं एकसारखं वाटतं. गाडी उन्हात काढली की दारावर नकाशा उमटतो. म्हणून आधी सगळीकडं एकच सरफेसर (रंगाखालचा अस्तर), जमलं तर गुलाबीसर करून घेतलेला, मग बेसचे म्हणजे मूळ रंगाचे हात, मग क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर. एवढं करून माल स्वस्तातला असला तर काही उन्हाळ्यांत बॉनेट गुलाबी पडायला लागतं.

मग शर्यतवाल्यांनी हाच नखरेल रंग का धरला?

माझं मत आधीच सांगून टाकतो. रंगात वेग-बिग काही नसतो. जो जिंकला त्याच्या गाडीवर त्या काळात जो रंग होता तो आपण धरून बसलोय. लाल इटलीचा, हिरवा इंग्लंडचा एवढं ऐकून आहे. पण ते वाटून कुणी दिलं, आणि ज्याला जो मिळाला त्याला तोच का मिळाला, हे जाणकारांनी सांगावं. सावकाश लिहा, घाई नाही. सध्या पावसामुळं बूथ बंदच आहे.

खानापूर_लोकल

पहिला!

अण्णा, लाल म्हणजे आग, रक्त, डेंजर. सिग्नलला पण लालच असतो. लांबून आधी लालच दिसतो. सिंपल.

बेसकोट

सिग्नलला लाल बघून लोक थांबतात रे भावा. आणि लांबून दिसायचंच असेल तर पिवळा काय वाईट आहे? शाळेच्या बसला पिवळाच देतात.

निवृत्त_बाई (टिळकवाडी)

इतिहास शिकवण्यात आयुष्य गेले, तेव्हा वाटणीचा भाग मी सांगते.

जेम्स गॉर्डन बेनेट हा अमेरिकन वृत्तपत्रमालक पॅरिसमध्ये राहायचा. त्याच्या नावाचा मोटार शर्यतीचा चषक १९०० मध्ये सुरू झाला. त्यात गाड्या उतरवायच्या त्या कंपनीने नव्हे तर देशाने, म्हणजे त्या देशाच्या ऑटोमोबाइल क्लबने. एका देशाच्या जास्तीत जास्त तीन गाड्या, आणि गाडीचा भाग न् भाग त्याच देशात बनलेला हवा, अशी अट. रस्ते मातीचे, धुरळा प्रचंड, आकडे चिखलाने माखलेले. कुठल्या देशाची गाडी गेली हे लांबून ओळखता यावे म्हणून प्रत्येकाला एक रंग द्यावा, ही कल्पना काउंट झ्बोरोव्स्की यांची असे सांगितले जाते. फ्रान्सला निळा, बेल्जियमला पिवळा, जर्मनीला पांढरा, अमेरिकेला लाल.

नीट वाचा. लाल अमेरिकेचा होता! इटली त्या पहिल्या वाटणीत नव्हतीच.

इंग्लंडची तऱ्हा आणखी मजेची. त्यांच्या झेंड्यात लाल, पांढरा, निळा. तिन्ही रंग आधीच गेलेले. १९०२ मध्ये सेल्विन एज यांनी नेपियर गाडीवर चषक जिंकला, त्यामुळे १९०३ ची शर्यत भरवायचा मान इंग्लंडकडे आला. पण तिथे सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावायला कायद्याने बंदी. मग खास कायदा करून ती आयर्लंडमध्ये नेली. यजमानांचा मान म्हणून आयर्लंडचा हिरवा रंग घेतला, ही एक बाजू. एज यांची १९०२ ची नेपियर मुळातच हिरवट होती, ही दुसरी. मला दोन्ही एकदम खऱ्या असायला काही अडचण दिसत नाही. म्हणजे ज्याला लोक आज इंग्रजी खानदानी हिरवा म्हणतात तो उरलेल्यातून उचललेला आहे. ती १९०३ ची शर्यत जिंकली कुणी? जर्मनीच्या पांढऱ्या मर्सिडीजने, आणि ती चालवत होता जेनात्झी नावाचा बेल्जियन!

खानापूर_लोकल

बाई, मग लाल इटलीकडं कसा गेला?

निवृत्त_बाई (टिळकवाडी)

१९०७ मध्ये पेकिंग ते पॅरिस अशी अचाट शर्यत झाली. प्रिन्स बोर्गेसे इताला कंपनीची गाडी घेऊन निघाले आणि १० जून ते १० ऑगस्ट असे दोन महिने चिखल, वाळवंट, मोडके पूल पार करून पहिले आले. त्या विजयामुळे इटलीने लाल घेतला अशी कथा सर्वत्र छापलेली आढळते. मला ती जरा जास्तच सरळ वाटते. त्याच वर्षी फेलिचे नाझ्झारो यांनी फियाटवर टार्गा फ्लोरिओ, जर्मनीतली कैझरप्राइझ आणि फ्रेंच ग्रां प्री अशा तिन्ही मोठ्या शर्यती मारल्या. एका वर्षात एवढे यश मिळाल्यावर त्या रंगाची ओळख व्हायला बोर्गेसे एकटे पुरले असतील असे नाही. पुढे अल्फा रोमिओ लाल, आणि १९२९ मध्ये एन्झो फेरारी यांनी आपला संघ काढला तो अल्फा रोमिओच्याच गाड्या पळवायला. फेरारींना लाल हा असा वारशात आला. त्यांच्या बिल्ल्यावरचा पिवळा मात्र त्यांच्या गावाचा, मोदेनाचा.

बेसकोट

बाई, दंडवत. म्हणजे पोरं ज्याला फेरारीचा लाल म्हणालेत तो आधी अल्फाचा, त्याच्या आधी फियाटचा, आणि सगळ्यात आधी अमेरिकेचा! उद्या गॅरेजात हे सांगितलं तर गिऱ्हाईक पळून जाईल माझं.

निपाणीकर

वाचतोय. एक कामाची गोष्ट मध्येच: लाल गाडीला इन्शुरन्स जास्त बसतो असं मला निम्मे लोक विचारतात. आपल्याकडं प्रीमियम ठरतो तो इंजिनाची सीसी, गाडीची आजची किंमत, वय आणि झोन यांवर. रंगाचा रकाना तिथं नसतोच. परदेशातली अफवा व्हॉट्सअॅपवरून इकडं आलीय.

श्टुटगार्टचा_शहापूरकर

चंदेरीचं मी सांगतो, कारण इथं कामाला आल्यापासून ती गोष्ट मला दर पाहुण्याला सांगावी लागते. आधी गोष्ट, मग तिच्यातलं भोक.

१९३४ साली नियम आला की गाडीचं वजन ७५० किलोच्या वर नको. न्युर्बुर्गरिंगच्या आयफेल शर्यतीच्या आदल्या दिवशी मर्सिडीजची नवी डब्ल्यू २५ काट्यावर चढवली तर ७५१ किलो. संघाचे व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउअर. त्यांनी मेकॅनिकांना रात्रभर बसवून पांढरा रंग खरवडून काढायला लावला. सकाळी खालचं अॅल्युमिनियम चमकलं, फॉन ब्राउखिच शर्यत जिंकले, आणि गाड्यांचं नाव पडलं चंदेरी बाण.

आता भोक. ही हकीकत गाजली ती नॉयबाउअर यांनी पुढं १९५८ मध्ये आठवणी लिहिल्या तेव्हापासून. ती शर्यत त्या वजनाच्या नियमाखाली झालीच नव्हती असं काही इतिहासकार दाखवतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे १९३२ मध्येच बर्लिनच्या आवुस ट्रॅकवर याच ब्राउखिच यांनी बिनरंगाच्या, निव्वळ अॅल्युमिनियम अंगाच्या मर्सिडीजवर शर्यत जिंकली होती आणि रेडिओवाल्यानं तेव्हाच तिला चंदेरी बाण म्हटलं होतं. शिवाय १९३४ मध्ये स्पर्धेतली दुसरी जर्मन कंपनी ऑटो युनियन पण चंदेरीच अंगानं आली होती. त्यांचं वजन कुणी खरवडलं?

माझ्या मते जर्मन लोकांनी पांढरा सोडला तो नव्या जमान्याच्या गाड्यांचा उघडा धातू दिसावा म्हणून. पण रात्रभर रंग खरवडणाऱ्या मेकॅनिकांची गोष्ट इतकी भारी आहे की कंपनी ती कशाला सोडेल?

बेसकोट

अख्ख्या गाडीचा रंग काढला तर एक किलो सहज निघेल बघा, त्यात मला शंका नाही. तेव्हाचा रंग तर हातांवर हात चढवलेला, जाड. एका रात्रीत खरवडायचा म्हणजे मात्र बोटं सोलून निघाली असतील. आणि खाली अॅल्युमिनियम, पत्रा नव्हे. जोर जास्त लागला की चरे.

चंदेरी माझ्या धंद्यातला सगळ्यात वाईट रंग आहे, हेही सांगून ठेवतो. लाल निदान लपवता येतो. सिल्व्हरमध्ये धातूचे बारीक कण असतात. गन दोन बोटं जवळ धरली, हवा थोडी कमी झाली, थिनर जास्त झालं, की कण वेगळे पडतात आणि तोच डबा, तीच शेड असून दार एक रंगाचं आणि फेंडर दुसऱ्या रंगाचा दिसतो. म्हणून सिल्व्हर गाडीचं एक दार ठोकलं तरी शेजारच्या पॅनेलवर हलका हात फिरवून रंग मिसळावा लागतो. गिऱ्हाईक म्हणतं, "एकच दार ठोकलंय, तीन पॅनेलचे पैसे का?" त्याला हे समजावत बसा.

सुभेदार_कॅम्प

हिरव्याबद्दल लिहितो. मराठा लाइट इन्फंट्रीच्या गावात राहून हे लोकांना सांगावं लागतं याचं नवल वाटतं. खासगी गाडीला ऑलिव्ह ग्रीन मारता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२१ वा नियम वाचा, तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. जुनी जिप्सी किंवा जीप लिलावात घेऊन तसाच हिरवा ठेवणारे बहाद्दर कॅम्पातून ऐटीत फिरतात आणि मग गेटवर अडवलं की कुरकुर करतात.

बेसकोट

साहेब, खरं आहे. मागं एकानं ब्रिटिश रेसिंग ग्रीन, म्हणजे तोच इंग्लंडचा हिरवा, पाहिजे म्हणून जीप आणली होती. इंटरनेटवरचे पाच फोटो दाखवले, पाचही हिरवे वेगळे. एक बाटलीच्या काचेसारखा, एक जवळजवळ काळा, एक सरळ ऑलिव्हकडं झुकलेला. कारण त्या रंगाची एक ठरलेली शेड कधी नव्हतीच. नेपियरचा वेगळा, बेंटलीचा वेगळा, व्हॅनवॉलचा वेगळा, लोटसचा वेगळा. मी त्याला गडद बाटली-हिरवा दिला आणि आधी आरसीवर रंगबदल नोंदवून आण म्हटलं. आरसीवर एक रंग आणि गाडीवर दुसरा असला तर विकताना आणि क्लेमच्या वेळी घोळ होतो. तेवढ्यासाठी तो परत आलाच नाही.

श्टुटगार्टचा_शहापूरकर

सरकारनं रंग अडवायची गोष्ट निघालीय म्हणून जपानचं ऐका. तिथं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत लाल रंग आगीच्या बंबासाठी राखलेला होता, सामान्य माणसाला लाल गाडी मिळायची नाही. होंडानं १९६२ मध्ये छोटी स्पोर्ट्स कार दाखवली ती लाल. परवानगीसाठी सोइचिरो होंडा सरकारशी भांडले, वर्तमानपत्रातून लिहिलं, आणि शेवटी लाल मोकळा करून घेतला.

पण होंडा १९६४ मध्ये फॉर्म्युला वनला उतरली तेव्हा लाल इटलीचा होता. म्हणून गाडी हस्तिदंती पांढरी आणि वर लाल सूर्य. १९६५ ला मेक्सिकोत ती पहिली शर्यत जिंकली. आजही होंडाच्या टाइप आर गाड्यांना जो पांढरा देतात त्याची नाळ तिथंच जुळते.

हुक्केरीचा_पाव्हणा

देशांच्या रंगांची यादी शोधली, तिच्यात स्पेनचा रंग लाल अंग आणि पिवळं बॉनेट असा दिसतोय, कन्नड झेंड्याचेच रंग. म्हणजे १ नोव्हेंबरला, राज्योत्सवाला, ती गाडी चन्नम्मा चौकातून काढली तर तिच्यावर हार पडतील. आणि हॉलंडची नारिंगी काढली शिवाजी उद्यानासमोरून, तर तिथं पण पडतील. ड्रायव्हरला बिचाऱ्याला कळायचंच नाही कशाबद्दल.

काकतीवाला

उलट काढली तर काय पडेल तेही लिहा की.

संपादक मंडळ

सीमाप्रश्नासाठी स्वतंत्र विभाग आहे. त्या वळणाचे पुढचे तीन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. इथे मोटारीचे रंग चालू द्या.

निवृत्त_बाई (टिळकवाडी)

संपादकांचा मान राखून एकच वाक्य: रंगावरून माणसे का पेटतात हे बेळगावच्या वाचकाला कुणी समजावून सांगायला नको.

विषयाला धरून आणखी एक. हे देशांचे रंग म्हणजे झेंडे नव्हते. इंग्लंडच्या झेंड्यात हिरवा नाही. इटलीच्या झेंड्यात तीन रंग, त्यातला एकच गाडीवर आला. आणि यादी युरोपपुरतीच नव्हती. सयामचे राजपुत्र बिरा १९३० च्या दशकात इंग्लंडात राहून शर्यतीत उतरायचे, त्यांची गाडी फिकी निळी आणि चाके पिवळी. आशियातल्या माणसाचा त्या मैदानावरचा हा स्वतःचा रंग, आणि तो त्यांनी स्वतःच्या आवडीने निवडला, कुणी वाटून दिला नाही.

अथणीचा_ऊस

बाई, आमच्याकडं रंग म्हणजे ट्रॅक्टर. लाल महिंद्रा, हिरवा-पिवळा जॉन डिअर, निळा सोनालिका. सीझनला कारखान्याच्या दारात रांग लागते तेव्हा अर्ध्या किलोमीटरवरून सांगतो कुणाचा ट्रॅक्टर कितव्या नंबरला आहे. त्यासाठी पुढं जायला लागत नाही. ती धुरळ्यातली शर्यत आणि रंगाची वाटणी मला तरी लगेच पटली.

आणि ट्रॅक्टरवरून आठवलं. लॅम्बोर्गिनी! फेरुच्चो लॅम्बोर्गिनी मूळचा ट्रॅक्टरवाला, आपल्यातलाच. १९६३ ला मोटारीची कंपनी काढली. फेरारीच्या क्लचवरून दोघांचं वाजलं म्हणून काढली असं सांगतात, ते सोडा. मुद्दा असा की त्यानं शर्यतीत उतरायचंच नाही असं ठरवलं होतं. १९६६ ला जिनिव्हाच्या प्रदर्शनात मिउरा मांडली, रंग कुठला? भडक नारिंगी. इटलीचा माणूस असून लाल नाही. शर्यतच खेळायची नाही म्हटल्यावर देशाचा रंग सांभाळायचं कारणच काय? म्हणून लॅम्बोर्गिनीत नारिंगी, पोपटी, पिवळा, जांभळा सगळं चालतं, आणि लोकांना लॅम्बो म्हटल्यावर असलेच रंग आठवतात.

बेसकोट अण्णा, तुमच्या मताला इथं तडा जातो. न पळता पण रंग गाजू शकतो.

बेसकोट

मानलं मालक. पण तो गाजला तो फेरारी लाल होती म्हणून. समोरचा लाल घालून बसलाय म्हटल्यावर यानं मुद्दाम दुसरं घातलं. दुसऱ्याच्या रंगाला दिलेलं उत्तर पण शर्यतीतूनच आलं की नाही?

अथणीचा_ऊस

हे म्हणजे आमच्या गावच्या वकिलासारखं झालं, कुठल्याही बाजूनं जिंकायचं.

निपाणीकर

सगळे १९६० पर्यंत येऊन थांबलेत. पुढची गोष्ट आमच्या गावाच्या मालाची आहे, म्हणून मीच लिहितो.

१९६८ मध्ये फॉर्म्युला वनला बाहेरच्या जाहिरातदाराचे पैसे घ्यायला मोकळीक मिळाली. लोटसनं लगेच पिढीजात हिरवा उतरवला आणि गोल्ड लीफ सिगारेटच्या पाकिटाचा लाल-पांढरा-सोनेरी चढवला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये लोटसचे चालक जिम क्लार्क शर्यतीत अपघातात वारले, जर्मनीत होकेनहाइमला. मे महिन्यात स्पेनची ग्रां प्री लोटसच्या ग्रॅहम हिल यांनी त्याच पाकिटाच्या रंगात जिंकली. इंग्लंडमध्ये जुन्या लोकांना ते पाकीट बघून काय वाटलं असेल ते सांगायला नको. १९७२ पासून लोटस काळी-सोनेरी झाली, जॉन प्लेयर स्पेशल. आज कुणी काळ्या गाडीवर बारीक सोनेरी रेघ मारायला सांगितली तर त्याच्या डोक्यात तेच पाकीट असतं, त्यानं आयुष्यात सिगारेट ओढलेली नसली तरी. मॅक्लारेनचा लाल-पांढरा मार्लबोरोचा. रॅलीतली निळी सुबारू आणि तिच्यावरचा पिवळा आकडा, तो पण सिगारेटचाच, ५५५. कॉलिन मॅक्रे १९९५ ला त्याच रंगात जगज्जेते झाले. पुढं आकडा गेला, निळा राहिला, आणि लोकांनी तो सुबारूचा म्हणून स्वीकारला.

जगातल्या निम्म्या गाजलेल्या रेसिंग गाड्या तंबाखूच्या पैशानं रंगल्या. आमच्या निपाणीचा तंबाखू मात्र विडीतच गेला आणि त्याचा शेतकरी चांगल्या दरासाठी १९८१ ला हायवेवर बसला.

श्टुटगार्टचा_शहापूरकर

निपाणीकर, एक नंबर. तेलवाले पण धरा. फिका निळा आणि मधून नारिंगी पट्टा, तो गल्फ कंपनीचा. त्या रंगातल्या फोर्ड जीटी ४० नं १९६८ आणि १९६९ अशी दोन वर्षं ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली, आणि दोन्ही वर्षी गाडी एकच, तीच चॅसी (सांगाडा). त्यामुळं रंग डोक्यात बसला. याच्या उलट, १९७१ ला पोर्शनं आपली ९१७ नावाची एक रुंद रेसिंग गाडी गुलाबी रंगवली आणि वर खाटकाच्या तक्त्यासारखे मांसाच्या भागांचे तुकडे आखले. ती जिंकली नाही, शर्यत पुरी पण केली नाही. तरी तिचे फोटो आजही लोक भिंतीवर लावतात.

बेसकोट अण्णा, अजून एक तडा.

बेसकोट

लावा तडे. लांबी भरायला मी बसलोयच इथं.

खानापूर_लोकल

कुणी बाइकवर बोलेनात म्हणून मी बोलतो. आरएक्स १०० माझ्या मामाची आहे, पीकॉक ब्लू. भारतात ती १९८५ ते १९९६ विकली. काळी, लाल आणि ही निळी. चोर्ला घाटात पावसाळ्यात धुकं असलं तरी आवाजावरून आणि त्या निळ्यावरून ओळखतात लोक. मामा सांगतो, काळी घ्यायला पाहिजे होती, टाकीवर डेंट दिसत नाही म्हणे. पण आज मागणी येते ती निळ्यालाच.

बाकी कावासाकीचा पोपटी मला कळत नव्हता, शोधला. १९६९ च्या सुमारास अमेरिकेत त्यांनी रेसिंगच्या बाइक त्या रंगात उतरवल्या. अमेरिकेत तेव्हा हिरवा म्हणजे अपशकुन! १९२० मध्ये इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत जिंकलेले गास्तों शेव्हरोले त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शर्यतीतल्या अपघातात वारले, गाडी हिरवी होती म्हणतात. तेव्हापासून तिकडं हिरव्याचं भ्या. जो रंग कुणी घेत नाही तोच घ्यायचा, कावासाकीनं तेच केलं. आज पोपटी दिसली की बाइकचं नाव वाचायला लागत नाही.

निवृत्त_बाई (टिळकवाडी)

खानापूरकर, छान शोधलेत. इंग्लंडला हिरवा मानाचा आणि अमेरिकेला अपशकुनी, आणि दोन्हीकडे त्यावर ठाम विश्वास. रंगाच्या मानसशास्त्राचे सिद्धांत मांडणाऱ्यांनी आधी याचे उत्तर द्यावे.

इंग्रजांनाही तो सगळीकडे पाळता आला नाही. माँटे कार्लो रॅली १९६४ मध्ये पॅडी हॉपकर्क यांनी ज्या मिनी कूपरवर जिंकली ती लाल अंगाची आणि पांढऱ्या छताची होती. कंपनीच्या रॅली संघाचे तेच रंग होते. आज मिनीचे शोरूम पाहा, लाल गाडीला पांढरे छप्पर हवे तर ते देतात. स्कॉटलंडचा एकुरी इकॉस संघ गडद निळ्या जॅग्वार घेऊन १९५६ आणि १९५७ असे ओळीने ल माँ जिंकला. हिरव्याचा पत्ता नाही.

अथणीचा_ऊस

भारताचा रंग कुठला मग? कुणीच लिहिलं नाही.

निपाणीकर

वाटणीच्या काळात आपण स्वतंत्र नव्हतो, आणि स्वतंत्र झाल्यावर फॉर्म्युला वनला पोचेपर्यंत वाटणी संपलेली. नारायण कार्तिकेयन २००५ ला उतरला तो जॉर्डनच्या पिवळ्या गाडीतून. फोर्स इंडिया २००८ ला आली ती आधी पांढरी-सोनेरी, पुढच्या वर्षापासून तिरंग्याच्या वळणाची, नारिंगी-पांढरी-हिरवी. ग्रेटर नोएडाला २०११ ते २०१३ शर्यत झाली तेव्हा तेच रंग होते. आणि २०१७ ला एका पाण्याच्या कंपनीनं पैसे दिले, गाडी आख्खी गुलाबी. नावात इंडिया, अंगावर गुलाबी.

काकतीवाला

जयपूरवाल्यांनी दावा लावला नाही म्हणून बरं.

श्टुटगार्टचा_शहापूरकर

लाल कधीच सोडला नाही असं सगळे समजतात, म्हणून शेवटी १९६४ ची गोष्ट. फेरारीच्या एका गाडीला स्पोर्ट्स कारच्या वर्गात मान्यता द्यावी यावरून एन्झो फेरारी आणि इटलीच्या ऑटोमोबाइल क्लबचं बिनसलं. एन्झो भडकले, इटलीचा रंग घालून पळणार नाही म्हणाले. मोसमाच्या शेवटच्या दोन शर्यती, अमेरिका आणि मेक्सिको, अमेरिकेतल्या मित्रसंघाच्या नावावर निळ्या-पांढऱ्या फेरारी उतरवल्या. आणि फेरारीचे चालक जॉन सर्टीज जगज्जेते झाले ते मेक्सिकोत, त्याच निळ्या-पांढऱ्या गाडीत. विजेतेपदाचा दिवस, आणि लाल अंगावर नाही. पुढच्या वर्षी लाल परत.

अण्णा, तुमच्या हिशोबानं निळा-पांढरा फेरारीचा व्हायला पाहिजे होता.

बेसकोट

दोन शर्यतींत रंग पिकत नाही भावा. तिकडं चाळीस वर्षं लाल पळत होता. एकदा जिंकून भागत नाही, त्याच रंगात बरीच वर्षं परत परत दिसावं लागतं, एवढी दुरुस्ती माझ्या मतात करतो. गुलाबी पोर्श आठवते ती गंमत म्हणून, पण गुलाबी पोर्श मागायला माझ्याकडं अजून कुणी आलेलं नाही. निळी-पांढरी फेरारी पण नाही. सुबारूचा निळा मागणारे आलेत, काळा-सोनेरी मागणारे आलेत, आणि लाल तर सांगितलंच.

खानापूर_लोकल

अण्णा, मामाच्या टाकीला पीकॉक ब्लू जुळवून मिळेल काय? ओरिजिनल कुठंतरी साइड पॅनेलच्या आत राहिलाय थोडा.

बेसकोट

टाकी आणू नको, आधी ते पॅनेलच आण. बाहेरचा रंग उन्हानं उतरलेला असतो, त्यावरून जुळवलं तर नवी टाकी पण जुनीच दिसेल. आतल्या बाजूला ऊन लागलेलं नसतं, खरी शेड तिथं मिळते. तेवढ्या जागेवर पॉलिश मारून, ट्यूबलाइटखाली नाही, दारात उजेडात धरून टिंट करतो. आणि मामाला सांग, टाकी आतून गंजलीय का ते आधी बघून घ्या. वरनं रंग मारायचा आणि खालून पेट्रोल पाझरायचं असलं काम मी घेत नाही.